वायरलेस हेडफोन निवडताना: आधी डोकं, मग कान

दुकानात दोन हेडफोन आळीपाळीने डोक्यावर चढवायचे, दोन्हींवर एकेक गाणं ऐकायचं आणि जो भारी वाटला तो घ्यायचा, ही झाली नेहमीची पद्धत. तिच्यात बहुतेक वेळा जिंकतो तो किंचित मोठ्याने वाजणारा. चांगला वाजणारा जिंकेलच असं नाही. पातळी वाढली की खर्ज (खालचे आवाज) आणि झंकार (वरचे आवाज) दोन्ही जास्त भरीव वाटू लागतात. हा कानाचा स्वभाव आहे. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत केलेल्या कामातून तो १९३३ मध्येच आलेखावर मांडला होता.

दुसरी गफलत त्याहून साधी आहे. 'आवाज कसा आहे' आणि 'डोक्यावर कसा बसतो' हे दोन वेगळे प्रश्न समजले जातात. कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये ते वेगळे नसतात. कुशन कानाभोवती नीट टेकलं नाही तर खर्ज बाहेर गळतो, आणि मग महागडा हेडफोनही डब्यासारखा वाजतो. म्हणून सुरुवात मोजपट्टीने करायची.

१. कान आणि डोकं मोजा

साधी प्लास्टिकची पट्टी पुरते. कानाची उंची वरच्या टोकापासून पाळीच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. मोठ्या माणसात ती साधारण ६ ते ७ सेंटिमीटर भरते. मग रुंदी, आणि शेवटी कान डोक्यापासून किती बाहेर येतो ते. हे तिसरं माप जवळजवळ कुणीच घेत नाही, आणि तासाभराने दुखायला लागतं ते त्याच्यामुळेच. कपच्या, म्हणजे कान झाकणाऱ्या वाटीच्या, आतली खोली कमी असेल तर कानाची कड आतल्या जाळीच्या कापडावर टेकते. पहिली दहा मिनिटं काही जाणवत नाही, नंतर तीच जागा तापते आणि ठणकते.

दुकानात कपच्या आतल्या भोकाची उंची, रुंदी आणि खोली त्याच पट्टीने मोजा. बाहेरून मोठा दिसणारा कप आतून अरुंद असू शकतो, कारण जाड कुशन बरीच जागा खातं. बाहेरून झाकणारा हेडफोन म्हणून विकला जाणारा, पण प्रत्यक्षात कानाच्या पाळीवर बसणारा प्रकारही बाजारात आहे. पाळी आत मावते की दबते, हे बोट फिरवून बघा.

वजनाचे आकडे कंपन्या उघड देतात, ते वाचा. सोनी डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅम, डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २५४, एक्सएम५ २५०, सेनहायझर मोमेंटम ४ २९३, आणि ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८० ग्रॅमच्या पुढे. नुसत्या आकड्याने निकाल लागत नाही. एअरपॉड्स मॅक्सच्या पट्ट्याला डोक्यावर ताणलेली जाळी आहे, त्यामुळे भार पसरतो. उलट, हलक्या हेडफोनचा पट्टा अरुंद आणि पातळ असेल तर टाळूवर एकाच रेघेत टोचतो. टक्कल असलेल्यांना किंवा केस बारीक कापलेल्यांना हे लवकर कळतं. आंबाडा किंवा उंच पोनी बांधणाऱ्यांनी नेहमीच्या केशरचनेतच बघावं, कारण पट्टा मागे सरकला की कपचा कोन बदलतो.

२. फट शोधा

हेडफोन चढवा, दोन्ही बाजूंची लांबी सारखी करा आणि पखवाज किंवा ढोलकीचा भरीव ठोका असलेलं काहीतरी लावा. आता दोन्ही तळहातांनी कप हलकेच आत दाबा. खर्ज एकदम वाढला तर कुठेतरी फट आहे. फरक पडला नाही तर बसणी चांगली. दाबताना जोर लावू नका. फक्त टेकवा.

चष्मा लावणाऱ्यांनी हीच चाचणी दोनदा करावी: एकदा चष्म्यासह, एकदा चष्मा काढून. चष्म्याची दांडी कुशनला कानाच्या पुढे आणि मागे उचलते. पातळ धातूची दांडी आणि मऊ, जाड कुशन ही जोडी सहसा जमते. जाड प्लास्टिकची दांडी आणि घट्ट कुशन असेल तर खर्जही जातो आणि दांडी कानामागच्या हाडावर रुततेसुद्धा. दाढी, कानातली मोठी कुडी किंवा झुबा, कानावरून येणारे दाट केस, ओढणी यांनीही फट पडते. जे रोज घालता तेच घालून तपासा.

फट सगळ्या हेडफोनना सारखीच बाधत नाही. नॉइज कॅन्सलिंगच्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट कापणाऱ्या, काही हेडफोनमध्ये कपच्या आतही माइक असतो. तो गेलेला खर्ज ओळखून काही प्रमाणात भरून काढतो. त्यामुळे चष्मा लावणाऱ्याला एकच हेडफोन नॉइज कॅन्सलिंग चालू असताना भरदार आणि बंद असताना पोकळ वाटू शकतो. दोन्ही स्थितींत ऐका.

३. जोडणी एकसारखी करा

ब्लूटूथवरून गाणं जाताना ते आकसून पाठवलं जातं. ते कोणत्या पद्धतीने आकसायचं, म्हणजे कोडेक, हे फोन आणि हेडफोन आपसात ठरवतात. एसबीसी सगळ्यांकडे असतो आणि नेहमीच्या उच्च दर्जाच्या मांडणीत सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातो. आयफोन एएसी वापरतो. एलडॅक आणि ॲपटेक्स हे आणखी दोन कोडेक आयफोनवर चालत नाहीत, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. अँड्रॉइडमध्ये एलडॅक २०१७ च्या ओरिओ आवृत्तीपासून आहे आणि तो ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिटने चालतो. गर्दीत, जिथे हवेत बरीच वायफाय आणि ब्लूटूथ यंत्रं बोलत असतात, तिथे ९९० वर आवाज तुटतो. 'हेडफोन खराब आहे' अशी तक्रार पुष्कळदा इथूनच येते. ६६० केलं की ती संपते.

सध्या कोणता कोडेक चालू आहे ते अँड्रॉइडवर असं बघायचं: सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, तिथे 'ब्लूटूथ ऑडिओ कोडेक' दिसेल. तुलनेसाठी दोन्ही हेडफोन आधी एकाच कोडेकवर ठेवा, मग प्रत्येकाचा सर्वांत चांगला लावा. नवख्या माणसाला हे आधी सांगायला हवं: हेडफोनचा स्वतःचा स्वभाव, म्हणजे खर्ज किती, झंकार किती, यातला फरक कोडेकमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. 'लॉसलेस'चं, म्हणजे काहीही न गमावता येणाऱ्या गाण्यांचं, सदस्यत्व घेतलं तरी या नेहमीच्या कोडेकवर ते लॉसलेस राहत नाही. सीडीचा प्रवाहच सेकंदाला १४११ किलोबिटचा आहे.

मल्टिपॉइंट, म्हणजे एकाच वेळी फोन आणि लॅपटॉपला जोडणं, चालू केलं की काही मॉडेलवर एलडॅक आपोआप बंद होतो. तुलनेपुरतं मल्टिपॉइंट बंद ठेवा. फोनमधले डॉल्बी, बेस बूस्ट वगैरे आणि हेडफोनच्या ॲपमधला इक्वलायझर (खर्ज-झंकार कमी-जास्त करायची सोय), थ्रीडी साउंड, हेही सगळं बंद. नाहीतर तुलना हेडफोनची होत नाही, त्या बटणांची होते.

४. पातळी जुळवा

पूर्ण लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

फोनवरच्या आवाजाची एक पायरी अनेकदा दोन-तीन डेसिबलची असते. दोन हेडफोनमधला निकाल फिरवायला एवढा फरक भरपूर झाला. म्हणून शक्य तर लॅपटॉपवरून वाजवा, तिथे (विंडोजवर) शंभर पायऱ्या मिळतात. मग:

जाड पुठ्ठ्याचा वीतभर तुकडा घ्या आणि मध्यभागी दुसऱ्या फोनच्या माइकएवढं भोक पाडा. त्या फोनवर आवाज मोजणारं कोणतंही मोफत ॲप टाका आणि त्यात 'ए-वेटिंग' निवडा, म्हणजे खर्जातल्या चढउताराने आकडा भरकटणार नाही. भोकाखाली फोनचा माइक धरा, वर हेडफोनचा एक कप सपाट टेकवा. हेडफोनच्या ॲपमध्ये 'कानावरून काढल्यावर थांबा' ही सोय असेल तर आधी बंद करा, नाहीतर कप पुठ्ठ्यावर टेकला तरी गाणं थांबून राहील. आता पिंक नॉइज लावा. हा धबधब्यासारखा सलग आवाज इंटरनेटवर सहज मिळतो. पहिल्या हेडफोनचा आकडा लिहा. दुसऱ्याचा आवाज कमी-जास्त करत तोच आकडा आणा, फरक एका डेसिबलच्या आत. फोनचं ॲप खरा आकडा दाखवेलच याची खात्री नसते, पण इथे दोन आकडे सारखे येण्याशी मतलब आहे.

नॉइज कॅन्सलिंग चालू असताना कप पुठ्ठ्यावर टेकवल्यावर शिट्टीसारखा आवाज आला तर कप थोडा सरकवा. बऱ्याच हेडफोनची पातळी नॉइज कॅन्सलिंग चालू-बंद केल्यावर बदलते, म्हणून ज्या स्थितीत ऐकणार त्याच स्थितीत मोजा.

एवढा खटाटोप शक्य नसेल, दुकानात तो नसतोच, तर बातम्या वाचणाऱ्याचा आवाज लावा आणि दोन्ही हेडफोनमध्ये तो माणूस सारख्याच अंतरावर बसलाय असं वाटेपर्यंत पातळी हलवा. माणसाच्या बोलण्याची पातळी कान बऱ्यापैकी अचूक जुळवतो, ढोलताशाची नाही.

५. काय ऐकायचं

अनोळखी 'डेमो ट्रॅक' नकोत. ते हेडफोन छान वाटावा म्हणूनच निवडलेले असतात. स्वतःला पाठ असलेले चार तुकडे घ्या, प्रत्येकी २०-३० सेकंदांचे. आवाजाची सूक्ष्म आठवण काही सेकंदांतच पुसट होते, त्यामुळे पूर्ण गाणं ऐकून मग हेडफोन बदलला तर तुलनेला काही उरत नाही.

पहिला तुकडा नुसत्या तानपुऱ्याचा. मराठी श्रोत्याच्या हाताशी इतकं चांगलं परीक्षेचं साधन असताना ते कुणी वापरत नाही, ही खंत आहे. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते, आणि जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणत्कारामुळे, उमटणारे वरचे स्वर काही हजार हर्ट्झपर्यंत पसरतात. म्हणजे एका झंकारात जवळजवळ सगळा पल्ला येतो. चांगल्या हेडफोनमध्ये खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वरचे स्वर उलगडत जाताना दिसतात. खर्ज फुगवलेल्या हेडफोनमध्ये 'घूं' राहतं आणि जवारी विरते. मधला पल्ला दबलेला असेल तर तानपुरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजतो.

दुसरा तुकडा झांज किंवा टाळ वाजत असलेल्या भजनाचा. टाळाचा आघात आणि त्यानंतरचा नाद आकसलेल्या आवाजाला सर्वांत कठीण जातो. आघात बोथट झाला आणि मागे पाण्यासारखी 'श्श' उरली, तर कोडेक, जोडणी किंवा मुळातली फाइल यांपैकी काहीतरी कमी पडतंय. आधी फाइल तपासा. व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेली एमपी३ चाचणीला वापरू नये.

तिसरा तुकडा बोलण्याचा. स, श, च या अक्षरांकडे लक्ष द्या. त्यांची धार ५ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास असते. 'शेवटची सूचना' हे शब्द कानाला टोचत असतील तर तासाभराने हेडफोन काढून ठेवावासा वाटेल, मग पहिल्या मिनिटाला तो कितीही 'स्पष्ट' वाटलेला असो.

चौथा गर्दीचा: एकदम बरीच वाद्यं, कोरस, ढोल. इथे बघायचं ते एवढंच की मोठा ठोका पडला की गायकाचा आवाज मागे ढकलला जातो का.

प्रत्येक तुकड्यानंतर दोन शब्द लिहा. किंमत आणि इतरांची मतं त्यानंतर वाचा. डोक्यावर बसल्यावर कोणता हेडफोन कोणता ते कळतंच, त्यामुळे डोळे बांधूनही पूर्ण निःपक्षपाती चाचणी होत नाही. आधी लिहिणं हाच त्यावर व्यवहार्य उपाय.

६. नॉइज कॅन्सलिंगकडून काय अपेक्षा ठेवायची

बाहेरचा माइक आवाज टिपतो, आतला स्पीकर त्याच्या उलटी लहर सोडतो, दोन्ही एकमेकांना खातात. सलग, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर हे उत्तम चालतं: विमानाचं इंजिन, एसी, बस. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना असा हेडफोन करायचं १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचलं आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. मूळ गरजच इंजिनाची होती. साधारण हजार हर्ट्झच्या वर हे तंत्र थकतं, तिथे कुशनच आवाज अडवतं. म्हणून लोकलच्या डब्यात चाकांचा गडगडाट जातो, पण फेरीवाल्याची आरोळी आणि भजनी मंडळाचे टाळ पातळ होऊन का होईना, येतातच. 'सगळं शांत होत नाही' म्हणून परत करू नका.

घरी तपासताना पंखा पाचवर ठेवून त्याच्या बरोबर खाली बसा. काही हेडफोनच्या बाहेरच्या माइकवर वारा आदळला की उलट फडफड ऐकू येते. भारतीय घरात हा दोष रोज भेटणार आहे, आणि दुकानातल्या एसीत तो कळत नाही.

काहींना नॉइज कॅन्सलिंग लावल्यावर घाटात कानाला दडे बसतात तसं वाटतं. हवेचा दाब प्रत्यक्षात वाढलेला नसतो. खालचे आवाज अचानक नाहीसे झाल्याचा मेंदूने लावलेला तो अर्थ. ज्यांना हे होतं त्यांनी कमी-जास्त करता येणारं नॉइज कॅन्सलिंग असलेलं मॉडेल बघावं.

खरा फायदा वेगळाच आहे: बाहेरचा गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी आहे. रस्त्यावर आणि रेल्वे फलाटावर मात्र बाहेरचं ऐकू देणारा मोड लावा, आणि रूळ ओलांडताना किंवा दुचाकीवर हेडफोन नकोच.

७. दीड तास

आरामाची परीक्षा पाच मिनिटांत होत नाही. घरी आणल्यावर सलग ९० मिनिटं घाला, नेहमीच्या कामात, नेहमीच्या उकाड्यात. १५, ४५ आणि ९० व्या मिनिटाला चार जागा तपासा: टाळू, कानाच्या पुढचा जबड्याचा सांधा, कानामागचं हाड, आणि कानाची कड. एकदा काहीतरी चावूनही बघा. खूप घट्ट पकड असेल तर जबड्याला लगेच कळतं.

पकड घट्ट असेल तर कपच्या रुंदीपेक्षा किंचित मोठी पुस्तकांची चळत करून त्यावर हेडफोन रात्रभर ताणून ठेवतात. धातूच्या पट्ट्याला हे चालतं. प्लास्टिकच्या सांध्याला तडा जाऊ शकतो आणि वॉरंटी जाते. शिवाय पकड सैल झाली की फटही पडते, म्हणून पुन्हा दुसरी पायरी करा. कुशन मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप नरम होतं.

मुंबई, कोकण, गोवा इथे रेक्झिनसारखं कुशन पावसाळ्यात घामाने चिकटतं. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमटपणाने सुटतो आणि काळे पापुद्रे कानाला लागतात. खोबरेल तेल लावून हेडफोन घातला तर हे आणखी लवकर होतं. कापडी कुशन थंड राहतं, पण आवाज कमी अडवतं आणि खर्जही थोडा कमी करतं. वापरून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा, आणि ओला हेडफोन डब्यात बंद करू नका.

८. फोनवर बोलणं आणि उशीर

ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की संगीत अचानक जुन्या टेलिफोनसारखं येतं. हेडफोन बिघडलेला नाही. नेहमीचं ब्लूटूथ उत्तम स्टिरिओ आणि माइक एकाच वेळी वाहून नेऊ शकत नाही, म्हणून माइक चालू होताच दर्जा खाली येतो. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा.

गाण्याच्या रियाजाला ॲपवरचा ठेका वायरलेसवर चालतो, कारण जे ऐकू येतं त्याच्याशीच गळा जुळवायचा असतो. पण इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा आवाज वायरलेसवर ऐकत वाजवता येत नाही. कळ दाबल्यावर स्वर उशिरा येतो आणि बोटं अडखळतात. त्यासाठी वायर लागते. म्हणून वायर जोडता येते का, आणि बॅटरी संपल्यावर वायरवर वाजतो का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

९. परत करायच्या मुदतीआधी

आता इक्वलायझर चालू करा, आधी नाही. खर्ज घूमत असेल तर ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करा. 'स' टोचत असेल तर ६ ते ८ हजारांत २-३ डेसिबल कमी. वाढवण्यापेक्षा कमी करणं बरं. वाढवल्यावर मोठ्या ठोक्याला आवाज फाटतो. एवढ्याने आवडला तर आवाजाचा दोष माफ करण्यासारखा आहे. टाळू किंवा कानाची कड दुखणं मात्र कोणत्याही ॲपने जात नाही, आणि दोहोंत निवडायची वेळ आली तर आरामदायी हेडफोन ठेवावा.

ऑनलाइन घेताना 'बदलून मिळेल' आणि 'पैसे परत' या अटी वेगळ्या असतात. आवडला नाही म्हणून परत करता येतो का, ते पैसे भरण्याआधी वाचा. त्याच वेळी त्या मॉडेलची कुशन सुटी मिळतात का आणि ती हाताने काढता येतात का, हेही बघा. दोन-तीन वर्षांनी ती बदलावी लागतातच. दुसऱ्या कंपनीची स्वस्त कुशन थोडी जाड-पातळ असली तरी आवाज बदलतो, म्हणून ती बसवल्यावर तळहात टेकवायची चाचणी पुन्हा एकदा करा.